व्याह्यांनी ओढलेली वायर

आबा,

मागच्या महिन्यात मी घरची केबल बंद केली. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी हे तुम्हाला मीच सांगायला हवं, असं तेव्हापासून वाटतंय. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आता कळणार कुठून, हे मलाही समजतं. तरी केबलवाल्याच्या मुलीने केबल काढली, आणि तीही तुम्ही स्वतःच्या हाताने ओढलेली, म्हणजे कुठेतरी जाब द्यावा लागतोच. मला तो द्यायला जड जात नाही. मी केलं ते बरोबरच केलं. पण ते कसं झालं, ते जरा नीट सांगते.

तुम्ही कापडाच्या लूमवर, मागावर होता ते दिवस मला अर्धवट आठवतात. सुरतेतली बमरोलीची आपली खोली कारखान्याला इतकी लागून होती की भिंतीला पाठ टेकली की अंगात थरथर यायची. तुम्ही पाळी संपवून आलात की आई दारातूनच हातवारे करून विचारायची, आत्ता वाढू की आंघोळ झाल्यावर. बोललेलं तुम्हाला बराच वेळ ऐकू यायचं नाही. पुढे उजव्या कानाने यायचंच बंद झालं, तेव्हा तुम्ही लूम सोडली आणि गल्लीतल्या केबलवाल्याकडे वायरी ओढायला लागलात. तो गावी परतला तेव्हा ती लाईन तुमच्या हातात आली. डिश वर गच्चीला, आपल्या धाब्यावर, आणि बाकीची यंत्रं आपल्या स्वयंपाकघरात, पिठाच्या डब्याच्या वरच्या फळीवर. त्यांचे लाल-हिरवे दिवे लुकलुकायचे. मिरचीची फोडणी द्यायच्या आधी आई त्यांच्यावर जुनं लुगडं टाकायची आणि धूर गेला की काढून घ्यायची. एकदा ती काढायला विसरली, यंत्रं तापली आणि चार गल्ल्यांचा टीव्ही गेला. तुम्ही घरी आलात, लुगडं उचललंत. दुसऱ्या दिवशी फळी तेवढी हातभर वर सरकवलीत.

केबलचा सगळ्यात वाईट दिवस उत्तरायणाचा. मांजा वायरींत अडकायचा आणि पोरं पतंग सोडवायला वायरच ओढायची. त्याच्या खालोखाल मॅचचा दिवस. त्या दिवशी तुम्ही घरात सापडायचा नाहीत. अख्ख्या बमरोलीला मॅच दाखवणारा माणूस, पण तुम्ही बसून एक मॅच पुरी पाहिलेली मला आठवत नाही. मी डबा घेऊन धाब्यावर येते. तुम्ही पाण्याच्या टाकीला टेकून बसलेले असता, खांद्यावर वायरीचं भेंडोळं, नजर समोरच्या चाळीच्या खिडक्यांवर. कोण आऊट झालं, मी विचारते. तुम्ही म्हणता, आपलाच कोणीतरी, बघ, सगळे खाली बसले. मग एकदम खिडक्यांतले लोक उभे राहतात, कुणी गॅलरीत धावत येतं, आणि तुम्ही भाकरीचा घास हातात धरून त्यांच्याकडे पाहत असता. चौका का छक्का ते तुम्हाला कळत नसावं. लाईन चालू आहे, एवढं कळत होतं.

तुम्ही मला फारसं कधी रागावला नाहीत, म्हणून एकदाचं बोलणं लख्ख आठवतं. मी दहावीला होते. मॅचचा दिवस, घरी फोन सारखा वाजत होता. पांडेसऱ्याच्या बाजूची एक लाईन गेली होती आणि तिकडचा लूमवरचा एक माणूस तिसऱ्यांदा फोन करत होता. मी वैतागून म्हटलं, येतील आबा, मॅचच तर आहे. फोन ठेवला आणि वळले, तर तुम्ही दारात.

"काय सांगं त्याले?"

मी सांगितलं. तुम्ही डावा कान माझ्याकडे करून पुन्हा ऐकून घेतलंत.

"त्याले बारा तासनी पाळी ऱ्हास. आज सुट्टी भेटनी. त्यानाकरता ती नुसती मॅच नही शे," तुम्ही म्हणालात. "जे आत्ते चालू शे ते आत्तेच देखनं पडस. सकाय पेपरमा वाचीसन काय उपेग?"

आवाज चढवला नव्हता. आईने चहा गाळला होता, तो तसाच ठेवून शिडी उचललीत आणि गेलात. मी त्या दिवशी पुस्तक उघडून बसले, पण अक्षर वाचलं नाही. एखाद्या माणसासाठी एखादी गोष्ट त्याच घटकेला घडताना पाहणं किती मोठं असतं, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. शाळेत तर नाहीच.

लग्न होऊन मी तापीपलीकडे कोसाडला आले. तुम्ही पहिल्यांदा माझ्या सासरी आलात तेव्हा पाणीसुद्धा घेतलं नाहीत. मुलीच्या घरचं घ्यायचं नाही, ही तुमची पक्की रीत. पण बसल्या बसल्या टीव्हीच्या मागे वाकून बघून घेतलंत, आणि जाताना मला हळूच विचारलंत, केबल नाही का? मी म्हटलं, नाही, अँटेनावर चालतं. पुढच्या रविवारी तुम्ही पुन्हा हजर. माझ्या लग्नातला इस्त्रीचा शर्ट, आणि खांद्यावर काळ्या वायरीचं नवं भेंडोळं. कोसाडची लाईन दुसऱ्या केबलवाल्याची होती. एकाच्या हद्दीत दुसऱ्याने वायर टाकली की मारामाऱ्या व्हायच्या, हे मला लहानपणापासून माहीत. म्हणून तुम्ही आधी त्याच्याकडे गेला होता. तो सुरती माणूस, तुमच्यापेक्षा वयाने लहान. तुम्ही त्याला म्हणालात, कनेक्शन तुझंच, गिऱ्हाईक तुझंच, फक्त वायर मला ओढू दे. दीकरीच्या, म्हणजे लेकीच्या घराला वायर ओढायची त्यात परवानगी कसली, असं म्हणून तो शिडी घेऊन तुमच्या बरोबरच आला.

सासूबाईंची त्या दिवशी पंचाईत झाली. व्याही धाब्यावर चढलेत आणि शेजारपाजार मान वर करून बघतोय. त्या स्वयंपाकघरात येऊन मला म्हणाल्या, "लोक काय म्हणतील गं? खाली बोलाव त्यांना." मी म्हटलं, ते येणार नाहीत. त्यांनी चहा वर पाठवला, तुम्ही परत पाठवलात. मग त्या स्वतः जिन्यात उभ्या राहिल्या, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि वर बघून म्हणाल्या, "हा चहा व्याह्यांना नाही. केबलवाल्याला आहे." मग तुमचा हात जिन्याच्या कठड्यावरून खाली आला आणि तुम्ही कप घेतलात. आमच्या घरी तुम्ही घेतलेली ती पहिली गोष्ट.

त्यानंतर आमची लाईन सारखी बिघडायची, असं मला वाटायचं. कधी सणाच्या आदल्या दिवशी, कधी मला बरं नसताना. कोसाडचा केबलवाला जवळ असतानाही तुम्ही बमरोलीहून स्कूटरवर यायचा, धाब्यावर जाऊन बघायचा, खाली येऊन टीव्हीसमोर स्टुलावर बसायचा. मला विचारायचा, लाईन चालू शे ना? मी म्हणायचे, चालू शे. मग विचारायचा, तू बरी शे ना? मी म्हणायचे, हाव, बरी शे. तेवढ्यात केबलवाल्याचा चहा व्हायचा.

आता इकडचं सांगते. मी रिंग रोडच्या कापड मार्केटमध्ये बिलिंगला आहे. मिस्टर हजिऱ्याला कंपनीत पाळीवर जातात. तुमची नात कॉलेजला आहे आणि कबड्डी खेळते. गंमत म्हणून खेळते असं समजू नका, विद्यापीठाच्या संघात आहे. चढाई करते. घरात आमच्याशी मराठी, मैत्रिणींशी गुजराती, आणि मैदानात कोणत्या भाषेत ओरडते ते मला अजून कळलेलं नाही. तिचे सामने कधी राजकोट, कधी आणखी लांब, आणि आमच्या केबलवर त्यातलं काही दिसत नाही. तुमच्या वेळी जगात जे जे चाललंय ते सगळं त्या एका काळ्या वायरीतून यायचं. आता तसं राहिलेलं नाही, आबा. क्रिकेटचेही बरेच सामने केबल सोडून फोनवरच्या अ‍ॅपवर गेले. मिस्टर गेली काही वर्षं क्रिकेट फोनवरच बघतात, आणि टीव्हीचा डबा सासूबाईंच्या मालिकांपुरता उरला होता. नातीचे पहिले दोन सामने मी मार्केटमध्ये जेवणाच्या सुट्टीत फोनवर पाहिले. साड्यांच्या गठ्ठ्याला फोन टेकवून ठेवलेला, आणि पॅकिंगच्या बायका माझ्या खांद्यावरून वाकलेल्या. एवढ्याशा पडद्यावर सात मुली मुंग्यांएवढ्या. त्यातली माझी कुठली, हे मला तिच्या वेणीवरून ओळखावं लागायचं. त्याच दिवशी ठरवलं, घरात चांगलं नेट घ्यायचं, टीव्ही त्याला जोडायचा, आणि केबल बंद.

मिस्टरांना पटलं. सासूबाईंना नाही.

"वायर काढायची नाही," त्या म्हणाल्या.

"आई, तुमच्या मालिकाही त्यात दिसतील. हव्या तेव्हा दिसतील."

"मालिकेचं कोण बोलतंय? ती व्याह्यांनी ओढलेली वायर आहे."

मी हसले. म्हटलं, "आई, तुम्हालाच तर तेव्हा लाज वाटली होती."

"वाटली होती," त्या म्हणाल्या. "म्हणून काय झालं?"

त्या दोन दिवस माझ्याशी कामापुरतं बोलल्या. मी ऐकलं नाही. मी तुमची मुलगी आहे, लाईन कशासाठी असते हे मला ठाऊक आहे. घरातली पोर मैदानात उतरलेली असताना तिच्या घरच्यांना दिसत नसेल, तर ती वायर नुसती भिंतीला लटकलेली आहे. हे मी सासूबाईंना जसंच्या तसं बोलले. तुम्ही पांडेसऱ्याच्या माणसासाठी गाळलेला चहा तसाच ठेवून गेला होता, तेही सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि भाजी निवडत राहिल्या.

केबलवाल्याला फोन केला. वाटलं, कुणाला तरी पाठवेल. तो स्वतः आला. आता त्याचे केस पांढरे झालेत, जिना चढताना गुडघ्याला हात लावतो. त्याचा धंदाही बदललाय, तोच आता घरोघरी नेटची बारीक वायर टाकतो, त्यामुळे नवीन कनेक्शनही त्याच्याकडूनच घेतलं. त्याने जुनी वायर पाहिली आणि गुजरातीत म्हणाला, बेन, ही अजून तीच आहे, मी आजवर बदललेली नाही. मी म्हटलं, कमाल आहे, सुरुवातीला तर सारखी बिघडायची.

त्याने हातातली वायर सोडली. मग म्हणाला, "बेन, ही लाईन कधीच बिघडली नाही. तुमचे बापूजी यायचे तेव्हा आधी माझ्या दुकानावर थांबायचे. मी म्हणायचो, काका, मी बघून येतो, तुम्ही एवढ्या लांबून कशाला? ते म्हणायचे, मलाच जाऊ दे. वर वायर जोडायची पिन सैल झालेली असायची, तेवढीच. एकदा मी विचारलं, की वरची पिन आपोआप कशी सैल होते? तर नुसते हसले."

मला वाटलं, तुम्हीच ती मुद्दाम सैल ठेवून जात असाल, पुढच्या खेपेची सोय म्हणून. मी तसं बोलून दाखवलं. सासूबाई दारात उभ्या होत्या.

"ते नाही," त्या म्हणाल्या. "मी सैल करायचे."

केबलवाला आणि मी दोघेही त्यांच्याकडे बघायला लागलो.

"बापाला लेकीच्या घरी यायला काही कारण नको का?" त्या म्हणाल्या. "ते नुसते आले तर पाणी घ्यायचे नाहीत, दोन मिनिटांत उठायचे. लाईन बघायला आले की अर्धा तास बसायचे. तू नवीन होतीस, रात्रीची रडायचीस, मला ऐकू यायचं. मग मी सकाळी धाब्यावर कपडे वाळत घालायला गेले की पिन सैल करून यायचे, आणि तुझ्या सासऱ्यांना सांगायचे, बमरोलीला फोन करा."

"आबांना माहीत होतं?" मी विचारलं.

"पहिल्याच खेपेला कळलं त्यांना. हातानं सैल केलेली पिन केबलवाल्याला कळणार नाही? खाली येऊन मला म्हणाले, विहीणबाई, पुढच्या वेळी जरा कमी फिरवा, आटे खराब होतात."

इतकी वर्षं तुम्ही दोघांनी हे माझ्यापासून लपवून ठेवलंत. मी तिथेच जिन्यावर बसले. केबलवाला पक्कड हातात घेऊन अवघडून उभा होता. सासूबाईच मग त्याला म्हणाल्या, "काढ बाबा. ज्यांना यायचं होतं ते येऊन गेले. आता पोरीचा खेळ बघू दे." तो वर गेला. वायर खाली आली तेव्हा उन्हाने तिचं वरचं कातडं भेगाळलं होतं, आतली तार मात्र लकाकत होती. सासूबाईंनी ती गुंडाळून ठेवली नाही. भंगारवाला आला तेव्हा देऊन टाकली. मला म्हणाल्या, ठेवून काय करायचंय? मला त्यांचं ते आवडलं.

रविवारी नातीचा सामना होता, इंदूरला. दुपारचे सगळे जेवून टीव्हीसमोर बसलो. मिस्टर त्या दिवशी घरी होते. सासूबाई पुढे, खुर्ची ओढून. टीव्हीवर मुली माणसांएवढ्या दिसत होत्या. पहिल्या चढाईला तुमची नात मध्यरेषेवरून आत गेली, बोनसचा पाय टाकला, एकीला हात लावून परत आली, आणि सासूबाईंनी मांडीवर थाप मारली. त्यांनी आयुष्यात कबड्डी पाहिली नव्हती. मला विचारत होत्या, आता हिला का बाहेर काढलं, ती श्वास सोडतच नाही का? मिस्टर समजावून सांगत होते. आमच्या घरात टीव्हीवरचा खेळ हा कायम पुरुषांचा. बायका ताटं देत, कपबशा उचलत, आणि जाता-येता जेवढं दिसेल तेवढं बघत. बमरोलीलाही तसंच होतं, आबा, तुम्ही वायर ओढलीत ती घराला, पण आत बघायला कोण बसतं हे तुमच्या हातात नव्हतं. त्या रविवारी ताटं ओट्यावर तशीच पडून होती.

उत्तरार्धात गुण जवळजवळ सारखे होते. नात चढाईला गेली. कोपऱ्यातल्या मुलीने तिचा घोटा धरला, आणि मग तिघी-चौघी तिच्यावर पडल्या. ढीग हलला, एकेक उठली. माझी उठली नाही. गुडघा धरून कुशीवर पडलेली. आणि नेमकं तिथे चित्र थांबलं. पडद्यावर गोल चक्र फिरायला लागलं. मिस्टर रिमोट दाबायला लागले, मग फोन घेऊन तिच्या मैत्रिणीच्या आईला लावू लागले, ती तिकडे गेली होती. फोन लागेना.

नेटचं हे असं आहे, हे मला माहीत होतं. कुणाला तरी धाब्यावर पाठवून हे नीट होत नाही. तरीसुद्धा त्या घटकेला मला केबल परत हवी असं वाटलं नाही. केबल असती तर ती पडलेलीही आम्हाला दिसली नसती.

मग चित्र सुटलं. ती उठून लंगडत बाकाकडे जात होती, कुणीतरी पाणी दिलं, आणि थोड्या वेळाने ती परत मैदानात आली. सामना त्या हरल्या, एका गुणाने. पण तिची शेवटची चढाई तुम्ही पाहायला हवी होतीत. तिघींना बाद करून आली. सासूबाईंना मी सांगितलं की आता हे पुन्हापुन्हा लावून बघता येतं, तेव्हा त्यांनी ती चढाई संध्याकाळपर्यंत कितीतरी वेळा लावायला सांगितली. दिवा लावायला उठल्या आणि परत येऊन म्हणाल्या, लाव. शेजारची बाई आली तर तिलाही दाखवली, हरल्याचं न सांगता.

संध्याकाळी नातीचा फोन आला. गुडघ्याला बर्फ लावून बसली होती, हरल्यामुळे आवाज बारीक. म्हणाली, "मम्मी, तू बघितलीस ना? पूर्ण?"

मी म्हटलं, पूर्ण बघितली.

आबा, ते खरं नाही. ती पडली आणि चित्र थांबलं, तेव्हा मी उठून स्वयंपाकघरात गेले. नळ सोडला आणि ओट्याला दोन्ही हात टेकून उभी राहिले, बाहेरचं काही ऐकू येऊ नये म्हणून. सासूबाई मात्र त्या थांबलेल्या चित्रासमोरून हलल्या नाहीत. त्यांनीच हाक मारली, "ये गं, उठली ती. चालतेय." तेव्हा नळ बंद केला. ती पडल्यापासून उठेपर्यंतचा भाग मी दुसऱ्या दिवशी पाहिला, ती घरी येऊन शेजारच्या खोलीत झोपलेली असताना.

हे तिला मी सांगणार नाही. हा कागदही कुठे पोस्टात टाकायचा नाहीये. आतून तिची हाक आलीय, पट्टी बदलायची आहे. उठते.